‘गेली’ या नोंदीचा अर्थ : पशुआरोग्य-संशोधनातील तग-विश्लेषणाची मूलतत्त्वे

१. प्रास्ताविक

जनावरांच्या आरोग्याविषयी जे संशोधन होते, त्यातील पुष्कळशा प्रश्नांचे मूळ रूप एकच असते : अमुक एक गोष्ट घडण्यास किती काळ लागला? करडू जन्मल्यापासून किती दिवस जगले, व्यालेली म्हैस किती दिवसांनी पुन्हा गाभण राहिली, कासदाह बरा झालेल्या गाईस तो पुन्हा केव्हा जडला, लस टोचल्यानंतर किती काळाने रोग उद्भवला, हे सारे प्रश्न काळाचे आहेत. ज्या गणिती रीतीने अशा प्रश्नांची उत्तरे काढतात तिला हिंदीत ‘उत्तरजीविता-विश्लेषण’ असे म्हणतात. या शब्दात एकाच्या मागे दुसऱ्याने जगत राहण्याची छटा आहे. येथे अभिप्रेत असलेली कल्पना ती नव्हे. मराठीत ‘तग धरणे’ हा जुना व सर्वपरिचित वाक्प्रचार आहे. पाऊस लांबला तरी पीक तग धरते, आजारी बैल उन्हाळाभर तग धरतो. संकट टळले असा त्याचा अर्थ नाही; आतापर्यंत ते ओढवलेले नाही, एवढाच आहे. प्रस्तुत विषयाच्या मुळाशी हीच कल्पना असल्यामुळे या लेखात ‘तग-विश्लेषण’ हा शब्द योजिला आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण एक चूक आहे आणि ती प्रस्तुत लेखकाची आहे. काही वर्षांपूर्वी पशुविज्ञानाच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने वऱ्हाडातील शेळीपालकांच्या वह्यांतून करडांच्या मरतुकीची माहिती गोळा करण्यास आरंभ केला होता. वह्यांतील अनेक जनावरांपुढे ‘गेली’ एवढाच शेरा होता. या बोलीत त्याचा अर्थ काय समजावा, असे त्याने पत्राने विचारले. ‘मेली’ हा शब्द अशुभ म्हणून टाळण्याची प्रवृत्ती मराठीत सर्वत्र आहे. तेव्हा ‘गेली म्हणजे मेली’ असे उत्तर मी टेबलाशी बसून निःशंकपणे पाठविले. त्याने ते प्रमाण मानून सर्व ‘गेली’ मृतांच्या स्तंभात मांडल्या.

पुढे अकोट तालुक्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी, पशुपालकांच्या बोलीतील शब्द टिपून घेत असता अशीच एक वही माझ्या पाहण्यात आली. ती ज्यांची होती त्या वृद्ध गृहस्थांना मी एकेक ओळ वाचून दाखविली व प्रत्येक ‘गेली’चा अर्थ विचारला. पहिली हगवणीने मेली होती. दुसरी बाजारात विकली होती. त्यांच्या उच्चारात ‘इकली’. तिसरी बिबट्याने नेली होती. चौथी लेकीकडे परतवाड्यास पाठविली होती. पाचवीच्या वेळी ते हसून म्हणाले, “मास्तर, गेली म्हंजे दावणीले नाही. कुठी गेली थे मले माहीत हाये, वहीले कायले पाह्यजे?” त्या वहीचा उपयोग त्यांना स्वतःच्या आठवणीपुरता होता आणि तो पुरेपूर साधत होता. दोष वहीचा नव्हता, माझ्या अर्थनिर्णयाचा होता. विद्यार्थ्याला दोन महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले. त्या निमित्ताने मला या गणिताचा जो परिचय झाला, तो भाषेच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडेल अशा समजुतीने पुढे मांडीत आहे.

२. पूर्ण आणि अपूर्ण नोंद

व्याकरणात आपण क्रियेचे पूर्ण व अपूर्ण असे भेद करतो. ‘करडू मेले’ या विधानात क्रिया पूर्ण झाली आहे. ‘करडू जगत आहे’ या विधानात एक क्रिया चालू असून तिचा शेवट वक्त्याच्या दृष्टीबाहेर आहे. तग-विश्लेषणाचा सारा डोलारा या दोन विधानांतील फरकावर उभा आहे.

समजा, एक करडू जन्मल्यापासून ४५ व्या दिवशी मेले. ही पूर्ण नोंद : घटना व तिचा काळ दोन्ही ज्ञात आहेत. दुसरे करडू ६० व्या दिवशी विकले गेले. ते पुढे किती जगले हे कळण्यास मार्ग नाही. तथापि ते साठ दिवस जगले, हे मात्र निःसंशय ज्ञात आहे. ही अपूर्ण नोंद होय. अभ्यासाची मुदत संपली त्या दिवशी जी जनावरे जिवंत होती त्यांचीही नोंद अपूर्णच. इंग्रजीत या प्रकाराला जो शब्द आहे तो चित्रपटांच्या सेन्सॉरशी जुळा असल्यामुळे मराठी वाचकाच्या मनात काटछाटीची कल्पना उत्पन्न करतो. येथे कोणी काही कापलेले नसते. निरीक्षकाची दृष्टी तेथपर्यंतच पोहोचलेली असते. म्हणून ‘अपूर्ण नोंद’ हे साधे नाव पुरे आहे.

अपूर्ण नोंदीचे काय करावयाचे, हा या शास्त्रातील पहिला प्रश्न आहे. मनुष्याला सुचणाऱ्या सोप्या वाटा तीन आहेत आणि तीनही चुकीच्या आहेत. पहिली, अपूर्ण नोंदी टाकून देणे. दुसरी, विकलेली जनावरे जिवंतच राहिली असे धरणे. तिसरी, ती मेली असे धरणे; माझ्या पत्राने नेमके हेच घडविले होते. पहिल्या वाटेने जनावर साठ दिवस जगल्याची खरी माहिती वाया जाते. उरलेल्या दोन वाटांनी नसलेली माहिती पैदा केली जाते. ‘साठ दिवसांपर्यंत जिवंत, पुढे अज्ञात’ हे विधान आहे तसे ठेवून त्यातून जेवढे निघेल तेवढेच काढणे, ही योग्य वाट होय.

३. पूर्वेतिहास

आयुर्मानाचे कोष्टक रचण्याची कल्पना जुनी आहे. जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये लंडनच्या मृत्युपत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूमकेतूमुळे सर्वांना परिचित असलेल्या एडमंड हॅली याने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून आयुर्मान-कोष्टक तयार केले. पुढे दोन शतकांहून अधिक काळ ही विद्या मुख्यतः विमा कंपन्यांच्या गणितज्ञांच्या हाती राहिली. त्यांच्याजवळ हजारो माणसांच्या नोंदी असत, म्हणून वर्षावर्षांचे गट पाडणे त्यांना परवडे. वीस-पंचवीस रोगी किंवा एका कळपातील करडे एवढ्याच सामग्रीवर काम करणाऱ्या संशोधकाची सोय त्यात नव्हती.

ती सोय १९५८ मध्ये झाली. एडवर्ड कॅपलान हा समुद्राखालील दूरध्वनि-तारांच्या यंत्रणेतील निर्वात नळ्या किती काळ टिकतात याचा विचार करीत होता. पॉल मायर हा कर्करोग्यांच्या आयुष्याचा. दोघांनी स्वतंत्रपणे एकच रीत शोधून काढली, आणि दोन लेखांऐवजी एक संयुक्त लेख त्या वर्षी अमेरिकन सांख्यिकी संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निर्जीव नळी आणि रोगग्रस्त माणूस यांना एकच गणित लागू पडले, यावरून या रीतीची व्यापकता ध्यानात येईल. नळीचे बंद पडणे, रोग्याचा मृत्यू आणि म्हशीचे गाभण राहणे या तिन्ही, गणिताच्या दृष्टीने, केव्हा तरी घडणाऱ्या घटना आहेत.

४. हिशेबाची रीत

ही रीत समजण्यास गणिताचे विशेष ज्ञान लागत नाही. शाळेतील हजेरीपट ज्याने पाहिला आहे त्यास ती समजेल. पुढील आकडे कल्पित असून केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत.

एका गोठ्यात दहा करडे जन्मली. जन्मापासून १८० दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवावयाचे आहे. पाच करडे अनुक्रमे १२, २०, ४५, ७५ व १२० व्या दिवशी मेली. तीन करडे ३०, ६० व ९० व्या दिवशी विकली गेली. दोन १८० व्या दिवशी जिवंत होती. सहा महिने तग धरण्याची संभाव्यता किती?

विकलेली तीन करडे सोडून दिली तर सातांपैकी दोन जगली, म्हणजे शेकडा सुमारे २९. ती जिवंतच धरली तर दहांपैकी पाच, म्हणजे शेकडा ५०. ती मेलीच धरली तर दहांपैकी दोन, म्हणजे शेकडा २०. सामग्री एक आणि उत्तरे तीन. प्रत्येक उत्तर देणाऱ्याला आपले गणित बरोबर आहे असेच वाटेल.

आता हजेरीची रीत पाहू. ज्या ज्या दिवशी एखादे करडू मेले, त्या त्या दिवशी सकाळी हजेरीवर किती करडे होती एवढेच मोजावयाचे, आणि त्या दिवशी तगलेल्यांचे प्रमाण काढावयाचे.

१२ वा दिवस : हजेरी १०, मृत १, तगलेल्यांचे प्रमाण ९/१०, आजवरची तग ०.९०.
२० वा दिवस : हजेरी ९, मृत १, प्रमाण ८/९, आजवरची तग ०.८०.
४५ वा दिवस : हजेरी ७, मृत १, प्रमाण ६/७, आजवरची तग ०.६९.
७५ वा दिवस : हजेरी ५, मृत १, प्रमाण ४/५, आजवरची तग ०.५५.
१२० वा दिवस : हजेरी ३, मृत १, प्रमाण २/३, आजवरची तग ०.३७.

प्रत्येक ओळीतील ‘आजवरची तग’ ही मागील ओळीतील तगेला त्या दिवसाच्या प्रमाणाने गुणून मिळते. कारण उघड आहे : १२० दिवसांपलीकडे जगावयाचे तर त्यापूर्वीचा प्रत्येक घातक दिवस एकामागून एक ओलांडावा लागतो. ३० व्या दिवशी विकलेले करडू १२ व्या व २० व्या दिवशी हजेरीवर होते, म्हणून त्या दोन ओळींत त्याची गणना झाली; ४५ व्या दिवशी ते नव्हते, म्हणून तेथे झाली नाही. ज्या दिवसापर्यंत आपण त्याला ओळखत होतो त्या दिवसापर्यंतच त्याची साक्ष घेतली. अंतिम उत्तर शेकडा ३७. वरील तिन्ही उत्तरांहून ते निराळे आहे, हे लक्षात घ्यावे.

हे आकडे कागदावर मांडले असता उतरत्या जिन्यासारखी आकृती मिळते. तिला तग-वक्र म्हणू. वक्र ज्या दिवशी अर्ध्याखाली उतरतो तो दिवस तगेचा मध्यक होय. येथे तो १२० वा दिवस आहे. केवळ मेलेल्या पाच करडांच्या आयुष्यांची सरासरी काढली असती तर ती ५४ दिवस आली असती. ‘या गोठ्यातील करडे सरासरी ५४ दिवस जगतात’ असे त्यावरून कोणी लिहिले, तर १८० दिवस जगलेली दोन्ही करडे ते विधान खोटे ठरवतील. मेलेल्यांवरून जगणाऱ्यांचे आयुष्य मोजता येत नाही.

वक्राच्या शेवटच्या भागाविषयी सावधगिरी बाळगावी लागते. पहिल्या मृत्यूने तग एक-दशांशाने उतरली. शेवटच्या मृत्यूने ती जवळजवळ दोन-दशांशाने उतरली, कारण तेव्हा हजेरीवर तीनच करडे उरली होती. वक्राचे शेपूट थोड्या जनावरांच्या आधाराने लोंबत असते. म्हणून वक्राखाली वेळोवेळी हजेरीतील संख्या छापावी, आणि मेजर ग्रीनवुड याने १९२६ मध्ये दिलेल्या सूत्राने अनिश्चिततेची मर्यादा दाखवावी, असा प्रघात आहे. वक्र काढून हजेरी न छापणे म्हणजे मत देऊन आधार लपविणे होय.

५. एक अट आणि तिचा भंग

ही रीत एका अटीवर उभी आहे. जे जनावर दृष्टीआड झाले त्याचे पुढील भवितव्य, हजेरीवर राहिलेल्या त्याच वयाच्या जनावरांसारखेच असले पाहिजे. विक्री ही आरोग्याशी निगडित नसावी. प्रयोगशाळेतील पिंजऱ्यांत ही अट बहुधा पाळली जाते. गावात ती पाळली जाते असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

शेळीपालनाचे व्यवहार ज्याने पाहिले आहेत त्यास हे सहज पटेल. जनावर मलूल दिसू लागले, चारा सोडू लागले, की दोन पैसे हाती येतील तोवर ते विकून टाकण्याकडे मालकाचा कल असतो. असे जनावर आपल्या वहीत ‘विकली’ म्हणून, म्हणजे निरोगी अपूर्ण नोंद म्हणून, मांडले जाईल. वस्तुतः ते मृत्यूच्या दारात होते. या रीतीने काढलेली तग खऱ्या तगेपेक्षा जास्त येईल. उलटपक्षी बोकड मुख्यतः अंगाने भरल्यावर, बकरी ईदेच्या सुमारास चांगला भाव येतो तेव्हा, विकले जातात. ज्या कळपातून धडधाकट जनावरे निघून जातात त्यात मागे दुबळी उरतात, आणि काढलेली तग खऱ्या तगेपेक्षा कमी येते. एकाच कळपात दोन्ही प्रकार घडू शकतात. हिशेबाची कोणतीही चतुराई हा दोष नाहीसा करू शकत नाही. तो दूर होईल तो विक्रीचे कारण त्याच दिवशी विचारून लिहिल्याने.

कारण मिळाले नाहीच, तर निदान दोन टोके दाखवावीत. विकलेली सर्व करडे विक्रीनंतर लगेच मेली असे धरल्यास आपल्या उदाहरणातील तग शेकडा २० येते. ती सर्व १८० दिवस जगली असे धरल्यास ५०. सत्य या दोहोंच्या दरम्यान आहे. ‘शेकडा ३७, परंतु २० ते ५० च्या दरम्यान कोठेही’ हे विधान दिसावयास दुबळे आहे, पण शेळीपालकाने त्यावर विसंबावे एवढे ते प्रामाणिक आहे.

बिबट्याने नेलेल्या करडाचा प्रश्न निराळा आहे. अकोट तालुक्याच्या उत्तरेस मेळघाटचे रान लागते. तेथे हा प्रसंग काल्पनिक नाही. हगवणीने होणारी मरतूक मोजावयाची असेल तर बिबट्याने नेलेले करडू पुढे हगवणीने मेले असते की नाही हा प्रश्नच उरत नाही, कारण एका मृत्यूने दुसऱ्याचा मार्ग बंद केला. यास स्पर्धक घटना म्हणतात. अशा वेळी ती साधी अपूर्ण नोंद समजून वरील रीतीने हिशेब केला तर हगवणीने मरणाऱ्यांचे प्रमाण फुगते. प्रत्येक कारणाचा वाटा वेगळा काढण्याच्या रीती आता उपलब्ध आहेत. पण त्यांनाही आधी वहीत ‘मेली’, ‘नेली’ आणि ‘विकली’ ही तीन क्रियापदे निरनिराळी लिहिलेली असावी लागतात.

६. लसीच्या खात्यावरील फुकटचे दिवस

तग-विश्लेषणाच्या अभावी होणारी सर्वांत मोहक चूक लसीच्या मूल्यमापनात आढळते. शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआर या रोगावरील, भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत तयार झालेली लस करडू साधारण तीन ते चार महिन्यांचे झाल्यावर टोचतात. आता एखाद्याने गावातील लस टोचलेली व न टोचलेली अशी दोन गटांत करडे विभागून त्यांचे जन्मापासूनचे आयुष्य ताडून पाहिले, तर पहिला गट कितीतरी अधिक जगलेला दिसेल. लस म्हणून पाणी टोचले असते तरी तसेच दिसले असते. कारण टोचून घेण्यासाठी करडाला तीन महिने जगावेच लागते. जे महिन्याभरात मेले ते आपोआप ‘न टोचलेल्या’ गटात पडते. लसीपूर्वीचे नव्वद दिवस लसीच्या खात्यावर फुकट जमा होतात.

उपाय पुन्हा हजेरीचाच आहे. करडाला टोचणीच्या दिवसापर्यंत न टोचलेल्यांच्या हजेरीत उभे करावे व त्या दिवशी त्याचे नाव टोचलेल्यांच्या हजेरीत घालावे. याच न्यायाने, बाजारातून तीन महिन्यांची विकत आणलेली पाठ गोठ्यात येते त्या दिवसापासूनच, व तीन महिन्यांच्या वयावरच, हजेरीत घ्यावी. तिच्या वयाची जी करडे येण्यापूर्वीच मेली ती आपल्या बाजारात कधी आलीच नाहीत, हे विसरता कामा नये.

७. साथीच्या भरातील गणित

महाराष्ट्रात २०२२ च्या साथीत लम्पी चर्मरोग ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात प्रथम आढळला व लवकरच अकोला, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांत पसरला. साथीच्या दिवसांत बाधित जनावरे, बरी झालेली जनावरे व मृत जनावरे असे तीन आकडे प्रसिद्ध होत. त्यांवरून रोगाची घातकता काढण्याचा मोह कोणासही होईल. पण मृतांना एकूण बाधितांनी भागले तर, साथ वाढत असता, उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. कारण काल लागण झालेल्या गाईचा निकाल अद्याप लागलेला नसताना तिची गणना छेदात होते. उलट मृतांना ‘मृत अधिक बरे झालेले’ या बेरजेने भागले, आणि मरण लवकर येत असून बरे होण्यास अधिक दिवस लागत असतील, तर उत्तर खऱ्यापेक्षा जास्त येते. अजून आजारी असलेल्या जनावराची नोंद ही अपूर्ण नोंद होय. लागणीच्या दिवसापासून प्रत्येक जनावराचा काळ मोजून, मृत्यू व रोगमुक्ती या दोन स्पर्धक घटना मानून हिशेब केला, तरच साथ चालू असतानाही विश्वसनीय उत्तर मिळते.

या साथीत मृत जनावरांबद्दल राज्य शासनाने दुभत्या गाईस ३० हजार, बैलास २५ हजार व वासरास १६ हजार रुपये अशी मदत दिली. तेव्हा मृत्यूची तारीख व कारण पंचनाम्यात लिहिले जाऊ लागले. ज्या नोंदीला मूल्य असते ती नोंद मनुष्य काळजीने करतो, हे यावरून दिसेल. परंतु त्याचबरोबर मदतीस पात्र ठरणारे कारण लिहिले जाण्याकडे कल वाढतो, हेही संशोधकाने ध्यानी ठेवावे.

८. दोन गटांची तुलना

दोन तग-वक्र शेजारी काढले की एक वर व एक खाली दिसतोच. हा फरक खरा की योगायोगाचा, हे ठरविण्यासाठी लॉग-रँक चाचणी वापरतात. नेथन मँटेल याने १९६६ मध्ये मांडलेल्या विचारातून ती पुढे आली. तिचे मर्म असे : एखाद्या दिवशी एक करडू मेले. त्या सकाळी हजेरीवर १२ करडे होती; त्यांपैकी ८ जंतनाशक दिलेली, ४ न दिलेली. औषधाने काहीच फरक पडत नसेल तर हा एक मृत्यू ८/१२ इतका पहिल्या गटाच्या व ४/१२ इतका दुसऱ्या गटाच्या वाट्याला येणे अपेक्षित आहे. प्रत्येक मृत्यूच्या दिवशी अशी अपेक्षा मांडून तिची बेरीज करावी व प्रत्यक्ष मृत्यूंशी ताडून पाहावी. तफावत योगायोगाने पडेल त्याहून फार मोठी असेल, तर औषधाचा परिणाम मानण्यास आधार मिळतो.

पण करडांत केवळ औषधाचाच फरक नसतो. कोणी जुळे असते, कोणी जन्मतः हलके, कोणी पावसाळ्यात जन्मलेले. या सर्वांचा एकत्र विचार करण्याची रीत डेव्हिड कॉक्स याने १९७२ मध्ये दिली. तिचा आधार धोक्याचा दर हा आहे : आज सकाळी जी हजर आहेत त्यांच्यापैकी उद्यापर्यंत किती गळतील त्याचे प्रमाण. हा दर वयाबरोबर कसा बदलतो हे न ठरविताही, एका गटाचा दर दुसऱ्याच्या किती पट आहे एवढे कॉक्सच्या रीतीने काढता येते. गुणोत्तर ०.५ आले तर त्या गटाला प्रत्येक वयात धोका निम्मा आहे, असा त्याचा अर्थ. आयुष्य दुप्पट झाले किंवा एकूण मृत्यू निम्मे झाले, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रबंधांतून हा घोटाळा वारंवार आढळतो.

‘प्रत्येक वयात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गुणोत्तर सर्व काळ सारखे राहते, हे या रीतीचे गृहीतक आहे. करडाला जन्मल्याबरोबर चीक पाजला की आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. गर्भाशयात ती त्याला मिळत नाहीत. हे संरक्षण आरंभीच्या काळात मोठे असते व पुढे ओसरत जाते. अशा वेळी सहा महिन्यांसाठी एकच गुणोत्तर देणे म्हणजे चिकाचा खरा गुण झाकून टाकणे होय. आणखी एक : एकाच गोठ्यातील करडे एकाच हवेत, एकाच चाऱ्यावर वाढतात, एकाला रोग झाला की शेजाऱ्याला होतो. दहा गोठ्यांतील शंभर करडे ही शंभर स्वतंत्र साक्षीदारांच्या तोलाची नसतात. गोठ्याचा हा समान प्रभाव हिशेबात धरला नाही तर निष्कर्ष वाजवीपेक्षा अधिक ठाम दिसतात.

या विवेचनात मृत्यूचा उल्लेख वारंवार आला असला तरी पूर्णाथडी म्हैस व्याल्यापासून किती दिवसांनी पुन्हा गाभण राहते, या प्रश्नालाही हीच रीत लागू आहे. तेथे वक्र लवकर उतरणे हे शुभ चिन्ह. जी म्हैस गाभण राहत नाही म्हणून भाकड समजून विकली जाते तिची नोंद गाळली, तर कळपाची जननक्षमता कागदावर आपोआप सुधारते आणि मालकाच्या हाती दुधाऐवजी अहवाल येतो.

९. उपसंहार

आज जनावरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला घालण्यात येतो. कोणते जनावर कोणते, हा जुना प्रश्न त्याने पुष्कळ अंशी सुटला आहे. परंतु बिल्ला जनावराची ओळख सांगतो, त्याचे काय झाले हे सांगत नाही. ते सांगणारा मनुष्यच असतो, आणि तो आपल्या बोलीत सांगतो.

म्हणून क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एवढेच सुचवावेसे वाटते. प्रत्येक जनावरापुढे चार गोष्टी लिहाव्यात : ते हजेरीत केव्हा आले, हजेरीतून केव्हा गेले, कसे गेले, आणि ते पशुपालकाने कोणत्या शब्दांत सांगितले. चौथी गोष्ट अनावश्यक वाटेल. पण पहिल्या तीन चुकल्या तर त्या दुरुस्त करण्याचा तोच एक आधार असतो. माझ्या विद्यार्थी-मित्राने मूळ वह्यांतील शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवले होते, म्हणूनच त्याला गावोगाव पुन्हा जाऊन प्रत्येक ‘गेली’चा उलगडा करता आला. केवळ मृत-जिवंत असे अंक लिहिले असते तर माझी चूक कायमची त्याच्या प्रबंधात राहिली असती, आणि ‘या भागात शेळ्या टिकत नाहीत’ असा शेरा, ज्यांच्या शेळ्या टिकत होत्या त्यांच्याविषयी, छापून निघाला असता.

बोलीतील शब्दाचा अर्थ कोशावरून किंवा टेबलाशी बसून सांगू नये, हा धडा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकविला जातो. तो मी शिकविलाही होता.